रात्रीचे नाटक आणि दिवसाची झोप: झाडीपट्टीच्या नाट्यकंपन्यांना खुले पत्र

प्रति,
झाडीपट्टी रंगभूमीचे निर्माते, कंपनीमालक, दिग्दर्शक, लेखक
आणि गावोगावच्या नाट्यमंडळांचे पदाधिकारी

नमस्कार.

पोळा सरला. आता वडशात, जिथून झाडीपट्टीच्या नाट्यकंपन्यांचा कारभार चालतो, जुळवाजुळव सुरू होईल. मंडळे तारखा घ्यायला येतील, नटनट्यांच्या फोटोंची पोस्टरे छापली जातील. मग दिवाळीपासून होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत, कुठे मंडईला (गावच्या जत्रेला) तर कुठे शंकरपटाला (बैलांच्या शर्यतीला), रात्री दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटे चार-पाचला पडेल. एकदा हंगाम अंगावर आला की पत्र वाचायला कोणाला सवड नसते, म्हणून आत्ताच लिहितो आहोत.

विषय तुमच्या परिचयाचा आहे, कलावंतांचे मानसिक आजार, फक्त त्याचे नाव आपण घेत नाही. 'कलाकार माणूस आहे, थोडा सनकी राहतेच' हे वाक्य तुम्ही ऐकले असेल आणि बहुतेक उच्चारलेही असेल. या एका वाक्यापायी उपचाराला चार-चार वर्षे उशीर होतो. त्यात अर्धे खरे आणि अर्धे खोटे असे काही मिसळले आहे, की नुसते 'चूक आहे' म्हणून ते खोडता येत नाही. म्हणून आधी त्याची फोड करतो.

अमेरिकेत नॅन्सी अँड्रिआसन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1987 मध्ये 30 लेखक आणि तेवढेच इतर व्यवसायांतले लोक तपासले. मनाच्या चढउताराचे आजार 80 टक्के लेखकांत आढळले, इतरांत 30 टक्के. हा आकडा जगभर फिरला. पण मुलाखती घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या आणि समोरचा लेखक आहे की नाही हे त्यांना आधीच ठाऊक होते, एवढे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पुढे 2013 मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी सुमारे 12 लाख रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांच्या सरकारी नोंदी ताडून पाहिल्या. सर्जनशील व्यवसायांतल्या लोकांना एकंदर मानसिक आजार जास्त होतात, असे त्यात दिसले नाही. अपवाद बायपोलर आजाराचा, तो काय ते पुढे सांगतो. लेखकांचे चित्र वेगळे निघाले: त्यांच्यात बायपोलर, स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार), नैराश्य, चिंता आणि व्यसन हे सगळेच जास्त, आणि आत्महत्येचे प्रमाण इतरांपेक्षा जवळजवळ दीडपट. सगळ्यात बोलकी गोष्ट पुढे आहे. बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया झालेल्यांची जी भावंडे आणि मुले स्वतः आजारी नव्हती, तीही कलेच्या क्षेत्रात जास्त सापडली. म्हणजे घराण्यातून काहीतरी येत असावे. कल्पना भराभर सुचणे, दूरच्या दोन गोष्टी जोडता येणे, लोकांपुढे न बुजणे, असे काही. ते थोडे असले तर कामाला येते. आजार होऊन अंगावर आले की तेच काम मोडते.

बायपोलर म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्यात हेलकावणारा आजार. शंभरात एखाद्याला होतो, आणि बहुधा पंधरा ते तीस या वयात सुरू होतो. मुले कंपनीत शिरतात ती याच वयात. उन्मादाच्या आधी हलक्या चढाचे काही दिवस येतात आणि तुमची फसगत तिथेच होते. माणूस तीन-चार तास झोपतो आणि तरी ताजातवाना असतो. पल्लेदार संवाद एका दमात फेकतो, मध्येच पदरची वाक्ये घालून टाळ्या घेतो, पहाटे साडेतीनलाही त्याचा आवाज खणखणीत लागतो. प्रेक्षक खूश, मंडळ खूश, आणि मालक त्याच्या नाईटा, म्हणजे प्रयोग, वाढवतो. औषधाची गरज असते तेव्हाच आपण त्याला आणखी जागवतो. पुढच्या आठ-दहा दिवसांत तो दुसऱ्याचे संवाद खातो, प्रवेश सोडून भलतेच बोलतो, मालकाकडून उचल घेऊन मोटारसायकल बुक करतो, 'स्वतःची कंपनी काढतो' म्हणून तीन जणांना शब्द देतो, मेकअपच्या खोलीत हाणामारी करतो. मग सगळे म्हणतात, 'भूमिका डोक्यात गेली.' भूमिका कोणाच्या डोक्यात जात नाही. झोप गेली आहे.

आजारात हात जास्त चालतो, हे खरे. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान याने एकट्या 1840 मध्ये शंभराहून अधिक गाणी रचली. नैराश्याच्या वर्षांत त्याच्या हातून जवळपास काहीच झाले नाही. रॉबर्ट वाइजबर्ग या मानसशास्त्रज्ञाने 1994 मध्ये त्याच्या रचनांचा वर्षवार हिशेब मांडला. चढाच्या वर्षांत संख्या वाढलेली दिसली, पण उत्तम रचनांचे प्रमाण होते तेवढेच राहिले. तुमच्यातल्या नाट्यलेखकांना हा अनुभव ओळखीचा असेल. एका रात्रीत लिहिलेल्या साठ पानांतली कामाची पाने महिनाभराने वाचली तरच कळतात. अशी वही फाडू नका आणि लगेच तालमीलाही घेऊ नका, कपाटात ठेवा. शूमानने 1854 मध्ये ऱ्हाईन नदीत उडी घेतली आणि 1856 मध्ये तो मनोरुग्णालयात वारला. त्याला नेमके काय झाले होते यावर आजही वाद आहे. मात्र शेवटच्या दोन वर्षांत त्याच्या हातून फारसे संगीत झाले नाही, यावर नाही.

'गोळ्यांनी कला मरते' ही दुसरी समजूत. मोगेन्स शाऊ या डॅनिश डॉक्टरने 1979 मध्ये लिथियम हे बायपोलरवरचे औषध घेणाऱ्या 24 कलावंतांना विचारले. 12 जण म्हणाले काम वाढले, 6 जण म्हणाले फरक नाही, 6 जण म्हणाले घटले. त्या शेवटच्या सहांना आम्ही खोटे ठरवत नाही. त्यांचे ऐकायचे कसे ते पुढे येते.

थोडे विषयांतर. आपल्या विदर्भाला 'पिसे' या शब्दाचे वावडे नाही. रिद्धपूरच्या गोविंदप्रभू या महानुभाव पंथाच्या सत्पुरुषांना तेराव्या शतकातले लोक वेडे, पिसे म्हणत आणि 'राऊळ माय, राऊळ बाप' म्हणून त्यांच्याकडे धावतही. भक्तीचे पिसे आणि आजार यांची गल्लत आम्हाला करायची नाही. जत्रेत, ढोलावर कोणाच्या अंगात आले आणि तासाभराने तो माणूस उठून जेवायला बसला, तर त्यात डॉक्टरचे काम नाही. पण जत्रा संपून आठवडा उलटला, झोप नाही, खाणे नाही, बोलणे थांबत नाही, तर देवाला नारळ फोडा आणि त्याच दिवशी दवाखान्याची वाटही धरा. भूत काढायच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मानसिक आजारी माणसाला साखळदंड घालायला 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही बंदी आहे.

आता मुख्य मुद्दा, झोप. झोप तुटणे ही उन्मादाकडे नेणारी शेवटची सामाईक वाट आहे, अशी मांडणी थॉमस वेहर आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये केली. कारण प्रेम असो, भांडण असो, प्रवास असो की बाळंतपण, वाट जाते झोपेतूनच. झाडीपट्टीत तर सगळा धंदाच जागरणाचा. तरी नाटक रात्री बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. रात्री जागून दिवसा सात तास सलग झोपणारा माणूस निभावतो. कोसळतो तो रोज वेगळ्या वेळी झोपणारा. आज सकाळी सातला पाठ टेकली, उद्या गाडीत बसल्या-बसल्या दोन तास, परवा नाटक नाही म्हणून रात्रीची झोप, तेरवा पुन्हा जागरण. शरीराचे घड्याळ अशा धक्क्यांनी बिघडते.

ज्याला हा आजार आहे किंवा ज्याच्या घरात आहे, त्याच्यासाठी हंगामभर झोपेची एकच वेळ ठरवा. समजा सकाळी साडेसहा ते दुपारी दीड. सुट्टीच्या दिवशीही त्यात तास-दीड तासापेक्षा जास्त फरक नको. पहाटेच्या परतीच्या गाडीत त्याला गडद गॉगल द्या, कारण उगवतीचे ऊन डोळ्यांत गेले की मेंदू दिवस सुरू झाला असे धरतो. मुक्कामाच्या खोलीत खिडकीला काळे कापड लावा, नसेल तर रंगमंचावरचा जुना पडदा चालेल. नॉर्वेत 2016 मध्ये उन्मादाच्या रुग्णांना औषधांच्या जोडीने निळा प्रकाश अडवणारे केशरी चष्मे संध्याकाळी सहा ते सकाळी आठपर्यंत, सात दिवस दिले, तेव्हा लक्षणे झपाट्याने उतरली. रुग्ण थोडे होते, पण गॉगलचा खर्च तो किती! चहा आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) मध्यरात्रीनंतर बंद. दोन्ही झोप उडवतात, आणि सकाळी ती येत नाही म्हणून मग दारू लागते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. ती कोणत्या गावात किती आहे, हे तुमच्या ड्रायव्हरला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. दारूने डोळा लागतो खरा, पण तीन तासांत उघडतो.

याहून सोपा उपाय दिग्दर्शकाच्या हातात आहे. अशा कलावंताला पहिल्या अंकातली भूमिका द्या. बारा-साडेबाराला त्याचे काम संपले आणि दोनला तो झोपला, तर निम्मा धोका टळतो. ते जमत नसेल तर आमच्या मते सलग तीन नाईटांनंतर एक रात्र मोकळी हवी, आणि मुख्य भूमिकेला संवाद येणारा बदली नट तयार हवा. झाडीपट्टीत विंगेतून संवाद पुरवणारा प्रॉम्प्टर असतो, त्यामुळे बदली उभा करणे तुम्हाला पुण्या-मुंबईच्या नाटकवाल्यांपेक्षा सोपे.

गोळ्यांचे घोटाळे मात्र हंगामातच होतात. चिठ्ठीवर 'रात्री जेवणानंतर' लिहिलेले असते. नट गोळी नवाला घेतो तर अकराला विंगेत पेंगतो, म्हणून घेतच नाही. चार महिने. आणि लिथियम अचानक थांबवले की आजार पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांतच उलटण्याची भीती मोठी. त्यामुळे डॉक्टरला स्पष्ट सांगायचे: मी रात्री काम करतो, सकाळी साडेसहाला झोपतो. गोळीची वेळ झोपेला बांधता येते, पण ती डॉक्टरने बदलून द्यायची, आपण नाही.

यातून आणखी एक गुंता होतो आणि तो पुष्कळ डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही. लिथियमची रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी मोजायची असते. ती साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रतिलिटर यांच्या दरम्यान हवी. सकाळी साडेसहाला गोळी घेतलेला नट अकराला सरकारी दवाखान्यात रक्त देतो, तेव्हा पातळी फुगलेली दिसते. डॉक्टर डोस कमी करतात आणि महिन्याभरात आजार उलटतो. अशा माणसाने रक्त संध्याकाळी साडेसहाला द्यावे, तालुक्याच्या लॅबमध्ये ते जमते, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते चिठ्ठीवर लिहावे. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी दर सहा महिन्यांनी. एक दिवाळीआधी, एक होळीनंतर, म्हणजे लक्षात राहते.

आवाज बसला की गावातल्या डॉक्टरकडून एक इंजेक्शन मारून घ्यायचे, हा नाटकवाल्यांचा जुना रिवाज. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असते आणि स्टेरॉइडने उन्माद चढू शकतो. पाय मुरगळला म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले तर लिथियम शरीरात साठते. लिथियमवाल्याला दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, आणि आवाजासाठी वाफ, कोमट पाणी, दोन दिवस मौन. कोणतेही इंजेक्शन घेण्याआधी खिशातली गोळ्यांची चिठ्ठी दाखवायची.

होळीनंतर तुमचे कलावंत मोह वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्त्याला. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात घामावाटे पाणी आणि मीठ जाते आणि लिथियमची पातळी चढते. हात जोरात थरथरणे, उलटी-जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. लोक त्याला ऊन लागले म्हणतात आणि कैरीचे पन्हे पाजून सावलीत झोपवतात. पन्हे जरूर पाजा, पण पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा. पातळी 1.5 च्या वर गेली तर काम जिवावर बेतते. उन्हाळ्यात जेवणातले मीठ एकाएकी तोडू नये आणि पाण्याची बाटली सोडू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ.

आता 'काम घटले' म्हणणाऱ्या त्या सहा जणांकडे येतो. कलावंताची तक्रार 'गोळीने बरे वाटत नाही' अशी मोघम असते, म्हणून ती कोणी मनावर घेत नाही. ती हुन्नराच्या भाषेत सांगायला शिकवा. तबलजी, ऑर्गनवाला: बोटे बारीक थरथरतात, द्रुत लयीत चुकतात. हे लिथियमने होते, डोस किंवा वेळ बदलून कमी करता येते. गायक, नट: तोंड कोरडे पडते, शब्द चिकटतात. हे बहुधा ट्रायहेक्सिफेनिडिल किंवा जुन्या नैराश्यविरोधी गोळ्यांनी. नट: चेहरा लाकडासारखा झालाय, हसू डोळ्यांपर्यंत जात नाही. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाचे हे दुष्परिणाम आहेत, औषध बदलता येते. नर्तिका: दोन महिन्यांत आठ किलो वजन वाढले. ओलान्झापिनने असे होऊ शकते, त्यालाही पर्याय आहेत. मूल होऊ शकेल अशा वयाच्या बाईला व्हॅल्प्रोएट दिले जात असेल तर ते देण्याची खरेच गरज आहे का, हे विचारायलाच हवे, कारण गर्भात व्यंग येण्याचा धोका मोठा आहे. वर सांगितलेल्या विषबाधेचा अपवाद सोडला तर कोणतीही गोळी स्वतःहून एकदम बंद करायची नाही. आणि झोप येत नाही, उदास वाटते म्हणून औषधाच्या दुकानातून गोळी उचलायची नाही. बायपोलरमध्ये नुसती नैराश्याची गोळी कधीकधी उन्मादात ढकलते.

बिघाड सगळ्यात आधी कोणाला दिसतो? प्रॉम्प्टरला. वही त्याच्या हातात असते. नट कुठे थांबायचा आणि आता थांबत नाही, कोणते वाक्य गाळतो, कुठे पदरचे घालतो, हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर त्याने रोज एक आकडा लिहावा: अमका किती तास झोपला. सलग तीन दिवस पाचच्या खाली आला आणि माणूस तरी थकलेला दिसत नसेल, तर चौथ्या रात्री त्याला रंगमंचावर चढवू नये. त्याची समजूत घालण्याच्या फंदात पडू नका, उन्मादात वाद जिंकता येत नाही. गाडीची किल्ली आणि उचलीचे पैसे घरच्यांच्या हाती द्या, खोली शांत आणि अंधारी ठेवा, 14416 वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. ही सेवा फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येते. मारहाणीची किंवा जिवाची भीती असेल तर 108 ची गाडी बोलवा. जिल्हा रुग्णालय जवळ पडेल. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय त्यानंतर.

चढ उतरला की खड्डा येतो. तो येतो मार्च-एप्रिलमध्ये, कलावंत आपापल्या गावी गेल्यावर. कंपनीतले कोणी जवळ नसते, उचलीचे कर्ज असते, घरात धानाच्या फवारणीचे उरलेले औषध असते. होळीनंतर पंधराव्या दिवशी आणि दीड महिन्याने एक फोन करा. 'जीव नकोसा वाटतो का' असे सरळ विचारा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. उत्तर 'हो' आले तर फवारणीचे औषध त्याच दिवशी शेजाऱ्याकडे कुलपात. उचल पुढच्या हंगामातून फेडता येईल हेही त्याच फोनवर सांगा. एका नाईटच्या पैशांपेक्षा ते स्वस्त पडते.

लेखकांना एक विनंती. डोक्याला फडके बांधलेला, लोकांच्या अंगावर धावणारा 'येडा' हुकमी हशा देतो हे मान्य. पण तिसऱ्या रांगेत बसलेली आई दुसऱ्या दिवशी आपल्या पोराला दवाखान्यात न्यायला लाजते. शेतकऱ्याच्या आत्महत्येचा प्रवेश असेल तर डबा कोणता, किती प्याला, हे दाखवू नका. त्याच प्रवेशात एक माणूस दार वाजवून आत येतो, असे लिहून पाहा. नाट्य कमी होत नाही, वाढते.

करारपत्रात तीन ओळी घाला. आजाराची माहिती मालक आणि एका विश्वासू माणसापलीकडे जाणार नाही. उपचारासाठी घेतलेल्या सुट्टीने भूमिका जाणार नाही. आणि तब्येत बिघडली तर कोणाला बोलवायचे, त्याचे नाव. 2017 च्या कायद्याप्रमाणे असा नामनिर्देशित प्रतिनिधी साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्यानिशी नेमता येतो. बरे असतानाच नेमून ठेवायचा.

तालमीच्या पहिल्या आठवड्यात दोन तास द्या, आम्ही येऊ. नट-नट्या नंतर भेटल्या तरी चालेल. आधी प्रॉम्प्टर, मेकअपवाला आणि गाडीचा ड्रायव्हर यांना बसवा.

आपले,
झाडीपट्टीच्या गावांत मानसिक आरोग्याचे काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक